गड्ड्याला येताय? मग लग्नाला आल्यासारखे या

डिसेंबर संपत आला की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला, "यंदा गड्डा कधी?" मीही दर वर्षी उलट विचारते, "गड्डा बघायचाय की यात्रा?" पलीकडे क्षणभर शांतता. त्यांच्या लेखी दोन्ही एकच.

चूक त्यांची नाही. आम्ही सोलापूरकरही बोलताना सरसकट गड्डाच म्हणतो. पण होम मैदानावरचे पाळणे, मौत का कुआँ, बांगड्यांची दुकानं हा झाला गड्डा. यात्रा वेगळी. मकर संक्रांतीच्या आगेमागे पाच दिवस आमच्या ग्रामदैवताच्या, सिद्धेश्वरांच्या, योगदंडाचं लग्न लागतं. तेल लागतं, अक्षता पडतात, होम पेटतो आणि शेवटी नवरदेवाचा पोशाख उतरवतात. पाळण्यात बसायला तुमच्या गावची जत्रा पुरेशी आहे, त्यासाठी अडीचशे किलोमीटर येऊ नका. लग्नाला या. पाहुणा म्हणून कसं यायचं, कुठं उभं राहायचं, कधी बाजूला व्हायचं, ते इतक्या वर्षांत इतक्या पाहुण्यांना सांगून झालंय की एकदा लिहूनच टाकते.

आधी गोष्ट, मग तिकीट

गोष्ट माहीत नसेल तर सात उंच काठ्या आणि गर्दी एवढंच दिसतं. म्हणून थोडक्यात सांगते.

सिद्धराम, म्हणजेच आमचे सिद्धेश्वर, हे बाराव्या शतकातले शिवयोगी, बसवण्णा आणि अल्लमप्रभू या लिंगायत संतांच्या काळातले. सोलापूरचं तेव्हाचं नाव सोन्नलगी. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' ही मुद्रा, म्हणजे सहीसारखं नाव, येते. लहानपणी हा मुलगा गुरं राखायचा, मितभाषी. रानात त्याला मल्लय्या नावाचा जंगम, म्हणजे फिरता शिवभक्त, भेटला. मुलाने त्याला कोवळा हुरडा खायला दिला. खाऊन पोटात आग पडली म्हणून मल्लय्याने दहीभात मागितला. मुलगा घरी धावला, आईकडून दहीभात घेऊन आला, तर मल्लय्या गायब. त्याला शोधत तो थेट श्रीशैलला पोचला. तिथे मल्लिकार्जुनाने त्याला परत पाठवलं : जा, तुझ्या गावीच श्रीशैल उभं कर. सिद्धरामांनी गावी येऊन तलाव खोदला आणि पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापली, अशी श्रद्धा आहे. आज आपण ज्याला सिद्धेश्वर तलाव म्हणतो तो हाच.

आता लग्नाची गोष्ट. एक कुंभारकन्या रोज सिद्धरामांच्या अंगणात सडा-रांगोळी करायची. तिने लग्नाची इच्छा सांगितली. ते योगी, संसार करणार नव्हते. मग त्यांच्या योगदंडाशी लग्न लावायला त्यांनी संमती दिली. पुढे तिने होमात देह ठेवला, अशी आख्यायिका. यात्रेचे पाच दिवस म्हणजे हीच गोष्ट, दर वर्षी पहिल्यापासून शेवटपर्यंत. मिरवणुकीत जे सात नंदीध्वज निघतात त्यातला पहिला योगदंडाचा मान सांभाळतो. बोलीत आम्ही त्यांना काठ्याच म्हणतो. "काठ्या निघाल्या का?" असं कुणी विचारलं तर गोंधळू नका.

तारीख कशी धरायची

बहुतेक सणांच्या इंग्रजी तारखा दर वर्षी पळतात, संक्रांतीची जवळपास हलत नाही, कारण ती सूर्यावर चालते. सूर्य मकर राशीत शिरतो तो दिवस. म्हणूनच याच दिवसांत पंजाबात लोहडीची शेकोटी पेटते, तमिळनाडूत पोंगल उतू जातो, गुजरातेत छतावर पतंग चढतात, आसामात माघ बिहू आणि नेपाळात माघे संक्रांत असते. हा क्षण साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकतो, त्यामुळे हल्ली संक्रांत कधी १४ ला, कधी १५ ला येते.

तुमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच, की रजेचा अर्ज वर्षभर आधी टाकता येतो. भोगीला तैलाभिषेक, संक्रांतीला अक्षता, किंक्रांतीला होम, त्यानंतर शोभेचं दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी म्हणजे पोशाख उतरवणं, असा क्रम डोक्यात ठेवा. साधारण १३ ते १७ जानेवारी. नेमक्या वेळा त्या वर्षीच्या पत्रिकेत आणि स्थानिक वर्तमानपत्रात येतात. त्या पाहिल्याशिवाय परतीचं तिकीट काढू नका.

दोनच दिवस मिळत असतील तर भोगी आणि संक्रांत. तीन मिळाले तर किंक्रांत धरा. एकच दिवस असेल तर संक्रांत, पण मग सकाळी सोलापुरात असलंच पाहिजे. दुपारी पोचणारी गाडी पकडून "अक्षता मिळतील ना?" विचारणारे पाहुणे मी पाहिलेत. नाही मिळत.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर जागं राहायचं. मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी सोलापुरात सोडते, नावानेही शोभते. पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा आहे. २०२३ पासून वंदे भारतही आहे, पण ती रात्री उशिरा पोचवते. हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर आणि विजयपूर १०० च्या आसपास, त्यामुळे तिकडूनही भरपूर लोक येतात. मुक्काम स्टेशनच्या बाजूला मिळाला तर उत्तम. यात्रेच्या दिवसांत गावठाणात गाडी घालणं म्हणजे स्वतःच्या हाताने डोकेदुखी विकत घेणं. आमच्या एका पाहुण्यांनी "अहो, रिंगरोडने येतो" म्हणत गाडी आणली आणि पुढचे तीन दिवस ती एका गल्लीत अडकून पडली. ते मात्र सगळीकडे चालत फिरले आणि खूश होते.

एक दिवस आधी, १२ जानेवारीला, आलात तर चार पुतळ्यांपाशी जाऊन या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १९३१ साली याच दिवशी येरवड्यात फाशी दिली. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरावर लष्करी कायदा लादला गेला होता, त्या प्रकरणातले हे चौघे. गावात यात्रेची लगबग चालू असते आणि त्याच आदल्या दिवशी पुतळ्यांना हार पडतात. आमच्या पिढीला ते वेगळं वाटतच नाही.

पिशवीत काय

पांढरे कपडे. सक्ती कुणी करत नाही, पण काठ्यांबरोबर चालणारे हजारो लोक पांढऱ्या बाराबंदीत आणि धोतरात असतात, त्यात आपण भडक जॅकेट घालून उभे राहिलो की फोटोत आपलेच आपण खटकतो. बाराबंदी म्हणजे बंद बांधायची आखूड अंगरख्यासारखी बंडी. लहान मुलांसाठीही मिळते आणि तीन वर्षांचं पोर बाराबंदीत उभं केलं की त्याचा आजोबाच दिसतो.

साधी चप्पल घाला, नवी नको. मंदिराजवळ ती हजार चपलांत मिसळते. स्वेटर हवाच. जानेवारीत सोलापूरची सकाळ बोचरी असते आणि दुपारी बारा वाजता तेच स्वेटर कमरेला बांधावं लागतं. टोपी आणि पाण्याची बाटली ठेवा. लहान मूल असेल तर त्याच्या मनगटावर पेनाने तुमचा फोन नंबर लिहा. खिशात चिठ्ठी ठेवली तर मूल ती पाळण्यापाशी चघळून टाकतं, हा आमचा घरचा अनुभव. गर्दीत फोन लागत नाही, त्यामुळे चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते सकाळीच ठरवा. "पार्क चौक" असं ढोबळ नको. कुठल्या दुकानासमोर, तेही सांगा.

भोगी : तैलाभिषेक

या दिवसाला बाहेरचे पाहुणे सर्रास चुकवतात आणि मला तोच सर्वांत आवडतो. जुन्या लोकांच्या तोंडी नाव 'यण्णीमज्जन'. कन्नडमध्ये यण्णी म्हणजे तेल, मज्जन म्हणजे स्नान. लग्नाआधी नवरदेवाला तेल-हळद लागते ना, तेच. ६८ लिंगांना तेलाचा अभिषेक होतो. ती सगळ्या शहरभर विखुरलेली आहेत, त्यामुळे काठ्या सकाळी निघतात आणि परत यायला रात्र उलटते.

सकाळी आठच्या आत बाळीवेशीच्या बाजूला, हिरेहब्बू वाड्याच्या परिसरात पोचा. हिरेहब्बू हे यात्रेचे पिढीजात मानकरी. पूजा त्यांच्या वाड्यात होते आणि तिथूनच काठ्या उठतात. गल्ली अरुंद आहे. काठी उचलण्याच्या वेळी तिथे आत शिरायचा हट्ट करू नका, दाते गणपतीच्या बाजूला थांबा. काठ्या तुमच्यासमोरूनच जाणार आहेत. पुढे दत्त चौक, सोन्या मारुती, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा असा मार्ग मंदिरापर्यंत जातो.

काठी जवळून बघा. दुमजली घराच्या वर जाणारी उंची, वर साज, आणि खाली एक माणूस. एकच. दोन्ही हातांनी काठी पोटाशी धरलेली, मान मागे टाकून नजर शेंड्यावर. पायाखाली बघतच नाही तो. पायाखालचं बघायला भोवती बाकीचे असतात. वाऱ्याची झुळूक आली की शेंडा किंचित कलतो, त्याची बोटं पांढरी पडतात, गर्दीतून एकदम "हं, हं, हं" असा आवाज येतो आणि काठी सरळ होते. मग दुसरा पुढे होतो, दोघांच्या छात्या क्षणभर एकमेकींना लागतात, आणि काठी हात बदलते. हे सहज दिसतं. महिनाभर आधीपासून रात्री सराव चाललेला असतो. डिसेंबरात रात्री जेवून फेरफटका मारायला निघालात तर नुसत्या, साज नसलेल्या काठ्या पेलणारी पोरं दिसतील.

सातही काठ्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत : लिंगायत माळी, विश्वब्राह्मण, मातंग आणि इतर. पाहुण्यांना मी हे मुद्दाम दाखवते. लग्नात जसं "हा मान मामाचा, तो आत्याचा" असतं तसंच इथे, आणि आपला मान दुसऱ्याने घेतलेला कुणाला चालत नाही.

मार्गावर बायका रांगोळ्यांच्या लांबच लांब पायघड्या घालतात. पहाटेपासून गुडघ्यावर बसून काढलेल्या असतात त्या. काठी जायच्या आधी त्यांवर पाय देऊ नका. माझ्या मावसभावाने फोटोच्या नादात एकदा पूर्ण कमळ पुसलं. रांगोळीवाल्या काकू एवढंच म्हणाल्या, "काय ओ, डोळे घरी ठेवून आलाय का?" आणि पुन्हा काढायला बसल्या. तो तिथून हललाच नाही, रांगोळीचा डबा धरून उभा राहिला. त्याला यात्रा कळली ती तिथेच, असं माझं मत.

अख्ख्या फेरीत चालायची गरज नाही. मंदिरापर्यंत जा, दर्शन घ्या. तलावाकाठचं अमृतलिंग बघा, ६८ पैकीच एक आहे. मग घरी या. भोगीचं जेवण वाट बघत असतं.

संक्रांत : अक्षता

सकाळी घरोघरी सुगडं पुजली जातात, बायका ओवसायला जातात, आणि साडेनऊ-दहाला सगळ्या गावाची पावलं एकाच दिशेला वळतात.

तुम्हाला पोचायचंय संमती कट्ट्याजवळ. हा कट्टा मंदिराच्या आवारात तलावाकडे आहे आणि लग्न तिथे लागतं. अक्षता पडतात दुपारी, पण जागा सकाळी दहालाच संपते. दहानंतर आलात तर कट्ट्याचा हट्ट सोडा. तलावाच्या कडेने किंवा पंचकट्ट्याच्या बाजूने जिथे पाय रोवता येतील तिथे थांबा. ध्वनिक्षेपकावर सगळं ऐकू येतं आणि या दिवशी बघण्यापेक्षा ऐकण्यालाच महत्त्व आहे. म्हातारी माणसं बरोबर असतील तर पुढे जाऊच नका. मागच्या लोकांनाही अक्षता पडल्याचं तेवढंच पुण्य, असं माझी आजी म्हणायची, आणि ती कधी पुढे गेली नाही.

अक्षता बरोबर आणा किंवा तिथे घ्या, दोन्ही चालतं. पण ठेवायची जागा नीट निवडा. एका वर्षी मी मूठभर अक्षता आणि तिळगूळ एकाच खिशात ठेवले. ऐन वेळी हात घातला तर तांदळाचा चिकट लाडू. शेजारच्या अनोळखी बाईंनी आपल्या पदराची गाठ सोडून अर्ध्या अक्षता माझ्या हातात दिल्या. तेव्हापासून मी रुमालात बांधून आणते आणि जरा जास्तच आणते, शेजारच्यासाठी.

काठ्या आज नटलेल्या असतात. खोबऱ्याचे, लिंबांचे हार, आणि बाशिंग. नवरदेवच म्हणा ना. हलग्यांचा कडकडाट आधी दुरून येतो, मग छातीत. गर्दीतून एकच जयघोष उठतो, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र, सिद्धेश्वर महाराज की जय!" पहिल्यांदा ऐकणाऱ्याला शब्द कळत नाहीत, पण तिसऱ्या वेळी तोही म्हणायला लागतो.

काठ्या कट्ट्याजवळ येऊन उभ्या राहतात. सुगडीपूजन होतं. आणि मग जे होतं ते मला दर वर्षी नवं वाटतं. एवढ्या गर्दीचा आवाज खाली बसतो. पोरं खांद्यावर गप्प. संमतीवाचन सुरू होतं, जुन्या कन्नडमध्ये. अर्थ किती जणांना लागतो कुणास ठाऊक. मला अर्धामुर्धा लागतो, तोही आजीमुळे. आपल्याकडे मंगलाष्टकांत 'सावधान' येतं तसं इथे येतं, "दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम." त्या शब्दासरशी हात वर होतात. हजारो हात, एकदम. तांदूळ वर जातो आणि क्षणभर हवेतच थांबल्यासारखा वाटतो. मग डोक्यावर, कानात, कॉलरमधून पाठीत. पुन्हा वाचन, पुन्हा "सत्यम सत्यम," पुन्हा पाऊस. सगळी अक्षता पहिल्याच वेळी उधळू नका, थोडी थोडी टाका. नवखे इथेच फसतात.

मोबाइल वर धरून उभं राहण्याबद्दल काय बोलू? एका हाताने फोन धरला की दुसऱ्या हाताने रुमालाची गाठ सुटत नाही. निवडा काय ते.

संपल्यावर लगेच पळू नका. अख्खी गर्दी एकदम वळते आणि चेंगराचेंगरीची भीती असते ती तेव्हाच. वीस मिनिटं तलावाकाठी बसा. शेजारच्यांना तिळगूळ द्या. कुणी कानडीत म्हणेल, "एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि." म्हणजे तीळगूळ खा आणि चांगलं बोला. तीच गोष्ट, वेगळ्या भाषेत. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत याच दिवसांत भोगीच्या पहाटेची शेकोटी आणि दारात मोठ्या रांगोळ्या असतात. सोलापुरात संक्रांत तीन भाषांत होते आणि त्याचं कुणालाही अप्रूप नाही.

किंक्रांत : होम आणि वासरू

आजचा दिवस संध्याकाळी सुरू होतो, त्यामुळे सकाळी झोपा. काठ्या आज नागफणी बांधून निघतात. शेंड्याला फणा जोडला की काठीचा तोल पार बदलतो. ती पेलणारे मोजकेच असतात आणि ती पेलताना बघायला लोक खास येतात. अंतर ठेवून बघा.

होम मैदानावर बाजरीच्या पेंढीची कुंभारकन्या केलेली असते. तिला साडी, मणी-मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, सगळा सौभाग्याचा साज चढवतात. मग पूजा होऊन होम पेटतो. कालच लग्न लागलेली मुलगी आज अग्नीत. मला लहानपणी हे बघवत नसे, मी आईच्या पदरात तोंड लपवायचे. आजही पाहुण्यांच्या मुली विचारतात, "असं का?" मी त्यांना गोष्ट सांगते, पण पटावी असा आग्रह धरत नाही. प्रश्न चांगला आहे. तो राहू द्यावा.

होमानंतर, रात्री उशिरा, भाकणूक. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात आणि त्याच्यासमोर धान्य, गूळ, खोबरं, गाजर, बोरं असं मांडतात. तो जे खाईल ते यंदा महागणार. त्याने मूत्र टाकलं तर पाऊस चांगला. बिथरला, तर लोक एकमेकांकडे बघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात बातमी असते आणि चहाच्या टपरीवर चर्चा. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण जिरायती शेतीच्या या जिल्ह्यात पावसाचा अंदाज कुणीही सांगितला तरी लोक कान देतात. यासाठी थांबणार असाल तर पोटभर जेवून, स्वेटर घालून या. मुलांना आणू नका, ती पेंगतात आणि मग तुम्हालाच दोन किलोमीटर उचलून न्यावं लागतं.

उरलेले दोन दिवस

शोभेचं दारूकाम रात्री होम मैदानावर. कान नाजूक असलेल्यांनी दूर थांबा, वरचा रंग दुरूनही दिसतो. शेवटच्या दिवशी मल्लिकार्जुन मंदिरात कप्पडकळी असते, म्हणजे काठ्यांची वस्त्रं उतरवणं. लग्नघर रिकामं होताना जसं वाटतं तसं वाटतं. गर्दी कमी, आवाज कमी, मानकऱ्यांचे थकलेले चेहरे. बाहेरचं कुणी त्याला येत नाही. आलात तर शांतपणे एका कडेला उभे राहा.

आणि हो, गड्डा

जा, नक्की जा. यात्रा संपली तरी गड्डा पुढे काही दिवस असतो, त्यामुळे संक्रांतीच्या संध्याकाळी तिथे घुसायची गरज नाही. आठवड्यातल्या मधल्या वारी दुपारी चार-साडेचारला गेलात तर पाळण्याची रांग लहान असते. मोबाइल पुढच्या खिशात, पाकिटात लागतील तेवढेच पैसे. भांडी आणि घोंगड्या घ्यायच्या तर पहिला भाव ऐकून एक फेरी मारून या. गड्ड्यातला गरम वडा उभ्याने खायचा, बसायला जागा शोधायची नाही. शेतकरी घरचे असाल तर विजापूर रस्त्याला रेवणसिद्धेश्वर मंदिराकडे भरणारा जनावरांचा बाजार बघा. खिलार बैलजोडीसमोर उभे राहून दात मोजणारे म्हातारे हा माझ्या मते पाळण्यांहून मोठा देखावा आहे.

खायचं काय

भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी. त्यात हरभऱ्याचे कोवळे सोलाणे, वांगी, गाजर, वालाच्या शेंगा, बोरं आणि वरून तिळाचं कूट. हॉटेलात मागू नका, कुणाच्या तरी घरी जेवा. सोलापूरकराला "आज भोगीला कुणाकडे जावं?" असं विचारलंत तर तो ताट मांडतोच. संक्रांतीला शेंगापोळी. तिळगुळाची पोळी सगळीकडे होते, पण भाजलेल्या शेंगांचं कूट आणि गूळ भरलेली ही पोळी आमची. गरम असताना तूप आणि गार झाल्यावर तशीच.

एक सकाळ शेतावर हुरड्याला ठेवा. सिद्धरामांनी मल्लय्याला दिला तोच हुरडा, याच दिवसांतला. मंगळवेढ्याची ज्वारी नावाजलेली, २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. आगटीत कणसं भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, भुसा फुंकून टाकायचा, आणि शेंगा चटणीबरोबर तोंडात. जास्त झाला तर पोटात मल्लय्यासारखी आग पडते, म्हणून सोबत दही किंवा ताक असतंच. गोष्टीतला दहीभात उगीच नाही आला.

निघताना कडक भाकरी घ्या. नीट ठेवली तर आठवडे टिकते. शेंगा चटणी मात्र त्याच डब्यात घालू नका, तेल लागून भाकरीचा कडकपणा जातो. वेगळी पुडी करा आणि पुडीवर पुन्हा एक पिशवी बांधा, नाहीतर अक्षता पडलेला तो पांढरा सदरा गाडीतच लाल होतो.